झळांनी थरथरलेला फोटो आणि निर्दोष लेन्स

मे महिन्यात पेंचच्या सिल्लारी किंवा ताडोबाच्या मोहर्ली गेटातून दुपारची सफारी करून आलेल्या हौशी फोटोग्राफरची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. लेन्स सहाशे एमएमची होती, वाघही दिसला, शटर स्पीड भरपूर होता, तरी फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला की मिशा वेगळ्या दिसत नाहीत, पट्ट्यांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. मग लेन्स ‘सॉफ्ट’ ठरते. कोणी ती सर्व्हिसला पाठवतं, कोणी तोट्यात विकून टाकतं. बऱ्याचदा त्या लेन्समध्ये काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड असतो वाघ आणि कॅमेरा यांच्या मधल्या हवेत.

नागपुरात हा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त छळतो, कारण आपला जंगलाचा मुख्य हंगाम नेमका रखरखत्या उन्हाळ्यात येतो. पानगळ झालेली, पाणवठे आटलेले, म्हणून प्राणी दिसतात. आणि त्याच दिवसांत जमीन तव्यासारखी तापलेली असते. नवतपा, म्हणजे सर्वात तापलेले मानले जाणारे नऊ दिवस, २५ मेच्या आसपास लागतो. २६ मेच्या सुमारास नागपुरात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. म्हणजे जमिनीला सर्वात सरळ ऊन मिळण्याचे दिवस आणि वाघ दिसण्याचे दिवस एकच.

इथे आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण ‘हेझ’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. पहिली गोष्ट धुरकटपणा. हवेतली धूळ, धूर, बाष्प प्रकाश इकडेतिकडे उधळतात, त्यामुळे काळा रंग राखाडी होतो आणि कॉन्ट्रास्ट जातो. कडा मात्र जागेवरच असतात. दुसरी गोष्ट झळ. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट वर चढतात, गरम हवा विरळ असते, त्यामुळे प्रकाशाचा किरण तिच्यातून जाताना थोडा वाकतो. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तेही यामुळेच. तापमान एक अंशाने वाढलं की हवेचा अपवर्तनांक साधारण दहा लाखांत एकाने कमी होतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण किरणाला अशा असंख्य लोटांतून शंभर-दीडशे मीटर यायचं असतं आणि आपण तो प्रवास पाचशे एमएमने मोठा करून पाहत असतो.

हिशोब करून बघू. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, ५०० एमएम लेन्स, वाघ १०० मीटरवर. फ्रेमची रुंदी तिथे सुमारे ७.२ मीटर भरते आणि ती ६००० पिक्सेलांत वाटली जाते, म्हणजे एका पिक्सेलला १.२ मिलिमीटर. हवेने कड अर्धा सेंटीमीटर जरी सरकवली तरी ती चार पिक्सेल सरकली. वाघाची मिशी त्याहून बारीक. तोच वाघ ४० मीटरवर असेल तर एका पिक्सेलला अर्ध्या मिलिमीटरहून कमी जागा येते आणि मधली तापलेली हवाही निम्म्याहून कमी होते. जवळ जाण्याचा फायदा असा दोन्हीकडून मिळतो. मोठ्या लेन्सने वाघ मोठा होतो, तशी झळही मोठी होते.

धुरकटपणा एडिटिंगमध्ये बराचसा काढता येतो. झळ काढता येत नाही, फक्त टाळता येते, किंवा स्थिर विषय असेल तर अनेक फोटोंची सरासरी काढून दाबता येते. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की लेन्सवरचा अर्धा राग शांत होतो.

फोटो नेमका कशाने बिघडला ते ओळखणं अवघड नाही. कॅमेरा हलला असेल तर सगळी फ्रेम एकाच दिशेने ओढलेली दिसते. पाण्यावरचा चमकता ठिपका छोटी रेघ होतो. प्राणी हलला असेल तर फक्त तोच ओढलेला, मागचं गवत नीट. फोकस चुकला असेल तर वाघाच्या पुढे किंवा मागे कुठेतरी गवताचा एक पट्टा धारदार सापडतोच. झळ असेल तर फ्रेममध्ये कुठेच धार नसते, सरळ फांदी नागमोडी दिसते, कडांना दुहेरी रेघ येते, आणि सर्वात खात्रीची खूण म्हणजे एकाच बर्स्टमधले लागोपाठचे फोटो वेगवेगळ्या जागी बिघडलेले असतात: एकात कान बरा आणि डोळा गेलेला, पुढच्यात उलट. जागेवरच तपासायचं तर दूरच्या एखाद्या बुंध्यावर लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं दृश्य) दहापट मोठा करा. उकळत्या पाण्याखालच्या वस्तूसारखा बुंधा हलताना दिसला, तर त्या अंतरावर फोटोची आशा सोडा.

लेन्सची खरी परीक्षा घ्यायची असेल तर ती पहाटे आणि जवळून घ्या. सूर्योदयाच्या सुमारास, सावलीतल्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, पंधरा मीटरवर ट्रायपॉड लावा, स्टॅबिलायझेशन बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्सचं सर्वात मोठं अ‍ॅपर्चर आणि एफ ८ (त्याहून लहान छिद्र) अशा दोन्हींवर, प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा घेत, पाच-पाच फोटो काढा. एफ ८ वर बारीक अक्षरं वाचता आली आणि मोठ्या अ‍ॅपर्चरवर जरा मऊ दिसली, तर लेन्स ठणठणीत आहे. पाचही फोटो वेगवेगळे आले तर शंका फोकसवर घ्या. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल आणि पाचही सारखेच पुढे किंवा मागे फोकस झाले असतील, तर एएफ फाइन ट्यून या कॅमेऱ्यातल्या फोकस-सुधारणीने दुरुस्त होतं. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने ही भानगड सहसा येत नाही. पानाची एक बाजू नेहमीच मऊ राहत असेल, आणि पान कॅमेऱ्याला समांतर आहे याची खात्री असेल, तरच लेन्स सर्व्हिसला न्यावी.

झळ टाळायची कशी

वेळ हे सर्वात मोठं हत्यार. मेअखेरीस नागपूरकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. तिथून दीड-दोन तास जमीन आणि हवा यांच्या तापमानात फारसा फरक नसतो आणि हवा शांत असते. हे दोन तास लांबच्या फोटोंचे. आठ-साडेआठनंतर उघड्या माळावरचे, रस्त्यावरचे लांबचे फोटो सोडून द्यावेत आणि सावलीतलं, जवळचं शोधावं. दुपारच्या सफारीत सुरुवातीचा तास-दीड तास सर्वात वाईट. शेवटचा तास सुधारतो, पण सकाळइतका नाही, कारण जमीन तेव्हाही दिवसभराची उष्णता सोडत असते. वळवाची सर येऊन गेली तर मात्र अर्ध्या तासात हवा अशी धुऊन निघते की धुरकटपणा आणि झळ दोन्ही जातात. त्या संधीसाठी रेन कव्हर बॅगेत असायलाच हवं.

किरण कशावरून येतो तेही बघा. डांबरी रस्ता, मुरूम आणि जळालेलं गवत सर्वात वाईट, पाणी आणि दाट सावली त्यामानाने चांगली. म्हणून पाणवठ्याच्या पलीकडे बसलेला वाघ साठ मीटरवरून चांगला येतो आणि रस्त्यावरून चालत येणारा तितक्याच अंतरावरून बिघडतो. आणखी एक: लो अँगलची सध्या सगळ्यांनाच ओढ आहे. डोळ्याच्या पातळीवरून घेतलेला फोटो सुंदर दिसतो हे खरंच, पण जमिनीलगतच्या पहिल्या काही फुटांतच झळ सर्वात दाट असते. सकाळी सातला सफारीच्या उघड्या जिप्सीतून खाली वाकून जरूर घ्या. दुपारी चारला उभं राहून वरून घेतलेला फोटो दिसायला साधा असेल, पण तो धारदार येईल.

जिप्सीचं इंजिन बंद करायला सांगा, आणि बॉनेटवरून फोटो घेऊ नका. बंद इंजिनवरूनही बराच वेळ गरम हवा वर येत राहते. स्वतःच्या गाडीतून, म्हणजे गोरेवाड्याच्या रस्त्याला किंवा उमरेडकडे माळरानावर पक्षी टिपताना, एसी चालू ठेवून काच खाली केली की थंड आणि गरम हवा अगदी लेन्सच्या तोंडाशी मिसळते आणि झळ तुम्हीच तयार करता. काच खाली करायची असेल तर एसी पाच-दहा मिनिटं आधी बंद करून सगळ्या काचा उघडाव्यात. लेन्सचं लांब काळं हूड उन्हात तापून आतली हवा थरथरवतं. सूर्य पाठीशी असेल तर ते काढून फरक पडतो का ते बघा. एसी खोलीतून काढलेल्या थंड लेन्सलाही बाहेरच्या तापमानाला यायला अर्धा तास द्या, तोवर तिच्याभोवतीची हवा स्थिर नसते.

सामानाबद्दल माझं मत सरळ आहे. ताडोबा-पेंचसाठी १००-४०० किंवा १००-५०० एमएम पुरे. तिथले चांगले फोटो तीस-चाळीस मीटरच्या आतच होतात, आणि त्या अंतरावर सहाशे एमएममध्ये वाघाचं शरीर जेमतेमच मावतं. सव्वादोन किलोच्या आसपासची २००-५०० किंवा २००-६०० लेन्स अंबाझरी-फुटाळा तलावांवरच्या पक्ष्यांसाठी घ्या, वाघासाठी नव्हे. टेलीकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) उन्हाळ्यात घरी ठेवा: १.४ पट असेल तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो, दोन पट असेल तर दोन, आणि वाढते ती फक्त झळ. पोलरायझर पानांवरची चमक आणि थोडा धुरकटपणा कापतो, बदल्यात एक ते दोन स्टॉप खातो. झळेवर त्याचा काहीही उपयोग नाही. टेलीफोटोवर लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर मात्र स्वतःच फोटो मऊ करतो. तो काढून पुन्हा वर्तमानपत्राची चाचणी करा. पुष्कळ ‘सॉफ्ट’ लेन्स तिथेच बऱ्या होतात.

जिप्सीच्या दांडीवर ट्रायपॉडपेक्षा बीनबॅग बरी. तिच्यात दोन-तीन किलो तांदूळ किंवा ज्वारी भरा. वाळू जड होते आणि शिवणीतून झिरपते, थर्माकोलचे दाणे लेन्सखालून सरकतात. कॅमेऱ्यावर टाकायला पांढरा सुती दुपट्टा ठेवा, ओला न करता. बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे पारा ४५ गाठतो, वर काळी बॉडी थेट उन्हात. मिररलेस असेल तर मधल्या वेळेत बंद करा, कारण त्यात सेन्सर सतत चालू असतो. सुट्या बॅटऱ्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान साठच्या पुढे जातं आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य त्याने झपाट्याने घटतं.

सेटिंग सांगायचं तर बसलेल्या वाघाला १/५०० पुरतो, चालत्याला १/१०००, उडत्या पक्ष्याला १/२०००. जलद शटरने झळ जात नाही, पण ती एका क्षणापुरती गोठते. हवा सतत हलत असल्याने मधूनच एखादा क्षण असा येतो की किरण जवळजवळ सरळ पोचतो. ग्रहांचे फोटो काढणारे खगोलप्रेमी याच क्षणावर भिस्त ठेवतात: हजारो फ्रेम घ्यायच्या, उत्तम तेवढ्या निवडायच्या. आपणही बसलेल्या वाघाचे चाळीस-पन्नास फोटो घ्यावेत. मात्र एकच दीर्घ बर्स्ट नको, तीन-चार फोटोंचे छोटे बर्स्ट, आणि प्रत्येक वेळी फोकस नव्याने. झळेत सतत फोकस करणारा मोड हलत्या कडांचा पाठलाग करत पुढेमागे होतो. स्थिर प्राण्यासाठी सिंगल फोकस आणि एकच पॉइंट, डोळ्यावर किंवा डोळा सापडत नसेल तर कपाळाच्या पट्ट्यांवर.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) काढा, आणि एक्स्पोजर पांढऱ्याला सांभाळून. वाघाचे पांढरे गाल आणि बगळ्याचे पंख सर्वात आधी जळतात. गाल उन्हात असतील तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −०.३ ते −०.७, गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर −१ पर्यंत जा. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जेपेगवरून काढलेला असतो, म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा, नाहीतर तो जळल्याचा इशारा लवकर देतो.

एक बाजूचा मुद्दा, पण नागपूरकरांनी ऐकावाच असा. उन्हाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते म्हणून लेन्सला बुरशी लागणार नाही असा समज आहे. पण कॅमेरा ठेवलेल्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभर चालत असेल तर त्या खोलीतली आर्द्रता सहज सत्तर टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला साठ-पासष्टच्या वर तेवढंच हवं असतं. कूलरच्या खोलीत लेन्स उघडी ठेवू नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर, काटा ४० ते ५० मध्ये. इतकं पुरतं.

एडिटिंग: काय सुधारतं आणि काय नाही

सुरुवात निवडीपासून. एकाच सेटिंगवर, एकाच फ्रेमिंगने काढलेल्या फोटोंमध्ये ज्या जेपेगची फाइल मोठी, त्यात तपशील जास्त. रॉसोबत जेपेगही काढली असेल तर ती आकाराने लावा आणि वरची दहा शंभर टक्क्यांवर तपासा. डोळा, मग मिशा, मग कपाळ या क्रमाने. ज्यात डोळा बिघडला तो ठेवू नका, बाकी कितीही आवडला तरी.

लाइटरूम या एडिटिंग प्रोग्रॅममध्ये आधी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, मग डिहेझ (धुरकटपणा कापणारा स्लायडर). डिहेझ सगळ्या फोटोवर ओढण्याची सवय मोडा. सब्जेक्ट निवडून मास्क करा, तो उलटा करा, आणि मागच्या भागावर +१५ ते +३० द्या. प्राण्यावर +५ ते +१० च्या पुढे नको. डिहेझने सावल्या काळवंडतात आणि रंग भडकतात, म्हणून त्याच मास्कमध्ये शॅडोज +१० ते +१५ आणि सॅच्युरेशन −५ ते −८ करा. आपल्याकडची उन्हाळी धूळ पिवळट असते आणि डिहेझनंतर तो पिवळेपणा उठून दिसतो. मास्कमधला टेम्प −६ ते −१० ने खाली आणला की गवत पुन्हा गवतासारखं दिसतं. आकाश असेल तर डिहेझनंतर सेन्सरवरच्या धुळीचे डागही उघडे पडतात. ते आधी पुसून घ्या. पुढच्या वेळी सफारीआधी एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा आउट ऑफ फोकस फोटो काढून सेन्सर तपासा. डार्कटेबल हा दुसरा एडिटिंग प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी हेझ रिमूव्हल मोड्यूल आहे, ते मास्कसकट असंच चालतं आणि मोफत आहे.

झळेच्या फोटोवर शार्पनिंग वाढवलं की फोटो धारदार होत नाही, थरथरलेली दुहेरी कड ठळक होते. अमाउंट ४० ते ५०, रेडियस ०.८, डिटेल २० च्या आत, आणि मास्किंग ७० ते ८०. मास्किंग ओढताना ऑल्ट की दाबून ठेवा: पांढऱ्या दिसतील तेवढ्याच जागी शार्पनिंग लागतं, आणि ते डोळे, मिशा, पट्टे यांपुरतंच हवं. क्लॅरिटीपेक्षा टेक्स्चर बरं, +१० पर्यंत. त्यानंतरचा सर्वात परिणामकारक उपाय अगदी साधा आहे: फोटो लहान करा. सहा हजार पिक्सेलांची लांब बाजू २००० वर आणली की दर तीन पिक्सेलांचा एक होतो आणि चार पिक्सेलांची थरथर सव्वा-दीड पिक्सेलांवर येते. शेवटचं शार्पनिंग लहान केल्यानंतर, एक्सपोर्टमध्ये. असा फोटो पडद्यावर छान दिसतो आणि लहान आकारात छापताही येतो. भिंतभर छापू नका. आणि क्रॉप तर मुळीच करू नका, क्रॉपने सगळं परत मोठं होतं.

एआय शार्पनिंगबद्दल सावध राहा. नॉइज काढायला एआय डिनॉइज उत्तम आहे, ३० ते ४० वर ठेवलं तर केसही टिकतात. पण झळेने पुसलेला तपशील फाइलमध्ये नसतोच. तिथे ही साधनं केस आणि पट्टे स्वतः रचतात. वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांवरून पटवतात, प्रत्येकाचे वेगळे. रचलेले पट्टे असलेला फोटो ओळखीसाठी किंवा नोंदीसाठी कुणालाही पाठवणं चूक आहे. पुष्कळ स्पर्धा मूळ रॉ फाइल मागतात, तिथेही तो टिकणार नाही.

विषय हलत नसेल तर मात्र झळ खरोखर दाबता येते. खिंडसी तलावाच्या काठावरून रामटेकचं गडमंदिर दोन-तीनशे एमएमने टिपताना मधल्या हवेमुळे शिखराची रेघ नागमोडी होते. ट्रायपॉडवर, मॅन्युअल फोकस, मॅन्युअल एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स स्थिर, १/१००० च्या आसपास, आणि एक-दोन सेकंदांच्या अंतराने चाळीस फोटो. सलग बर्स्ट घेतला तर हवा तीच राहते आणि सरासरीला अर्थ उरत नाही. त्यातले सर्वात वाईट दहा-पंधरा काढून टाका. उरलेले रॉमध्ये एकसारखे, शार्पनिंग शून्य ठेवून टिफमध्ये काढा. फोटोशॉपमध्ये फाइल, स्क्रिप्ट्स, लोड फाइल्स इन्टू स्टॅक. तिथे आपोआप जुळवण्याचा आणि स्मार्ट ऑब्जेक्ट बनवण्याचा, दोन्ही चौकोनांत खूण करा. मग लेयर, स्मार्ट ऑब्जेक्ट्स, स्टॅक मोडमधून मीडियन (सगळ्या फोटोंतलं मधलं मूल्य) निवडा. मीडियनमुळे मधूनच उडून गेलेले पक्षीही गायब होतात. पंचवीस टिफसाठी संगणकाला मेमरी बरीच लागते, ८ जीबीवर अडखळला तर पंधरांवर भागवा.

जे हाती येईल ते सुरुवातीला मऊ दिसेल, पण रेघा सरळ असतील. हा मऊपणा सगळीकडे सारखा असतो, म्हणून तो शार्पनिंगला दाद देतो. एकट्या फ्रेमची थरथर देत नाही. स्मार्ट शार्पनमध्ये लेन्स ब्लर निवडा, रेडियस १.५ पासून सुरू करून अडीचपर्यंत वाढवत न्या, अमाउंट १०० ते १५०. शिखराच्या कडेला पांढरी रेघ उमटली की रेडियस थोडा मागे घ्या आणि तिथेच थांबा.